सई परांजपे: आमच्याकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातल्या अमळनेर आणि आसपासच्या गावांत आम्ही चार-पाच जणी गेली काही वर्षं सई परांजपे यांचे चित्रपट दाखवतो. कधी शाळेच्या वर्गात, कधी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, एकदा तर विकास सोसायटीच्या रिकाम्या गोदामात. मी मराठीची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. चित्रपट संपला की लोक लगेच उठत नाहीत, विचारत बसतात. ते प्रश्न मी एका वहीत लिहून ठेवत गेले. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, एकदाची उत्तरं लिहूनच काढा. म्हणून हे पान.

सई परांजपे नेमक्या कोण? आम्ही फक्त ‘चश्मे बद्दूर’ ऐकलाय.

लेखिका आणि दिग्दर्शिका. आकाशवाणी, रंगभूमी, दूरदर्शन आणि चित्रपट या चारही ठिकाणी त्यांनी काम केलं आणि चारही ठिकाणी स्वतःचं लिहिलं. जन्म १९ मार्च १९३८, लखनौचा. ‘स्पर्श’ (१९८०), ‘चश्मे बद्दूर’ (१९८१), ‘कथा’ (१९८३), ‘दिशा’ (१९९०) आणि ‘साज’ (१९९७) हे त्यांचे नावाजलेले चित्रपट. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण माझ्या लेखी त्यांची ओळख वेगळी आहे. त्या माणसाकडे नीट बघतात. दुरून नाही, वरून नाही आणि कीव करत तर अजिबात नाही. कारकून असो, आंधळा मुख्याध्यापक असो, विहीर खणणारा शेतकरी असो, त्याच्या बरोबरीने बसून बघतात. खाली जे काही लिहिलंय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

मराठी बाई, मग जन्म लखनौचा कसा?

आजोबांमुळे. रँग्लर र. पु. परांजपे यांचं नाव जुन्या माणसांना माहीत असतं. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि नंतर लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. सईंचा जन्म झाला तेव्हा कुटुंब तिथेच होतं. १९४४ ते १९४७ या काळात आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे सईंच्या लहानपणाचा काही भाग तिकडेही गेला. बाकी वाढल्या त्या पुण्यात.

वडील रशियन होते हे खरं का?

खरं. युरा स्लेप्टझॉफ, रशियन चित्रकार. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि सईंना आईने आणि आजोबांनी वाढवलं. हा प्रश्न विचारताना आमच्याकडे बायका आवाज खाली आणतात. आणायचं कारण नाही. १९३८ सालची ती आई ताठ मानेने एकटी मूल वाढवत होती, त्याचं कौतुकच वाटायला हवं.

आईचं नाव तुम्ही सारखं घेता. एवढं काय त्यांचं?

शकुंतला परांजपे हे नाव खरं तर शाळेच्या पुस्तकात हवं. संततिनियमन हा शब्दसुद्धा घरात उच्चारायची चोरी होती, त्या काळात त्यांनी त्याचं काम उभं केलं. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा वारसा चालवणाऱ्या मोजक्या माणसांतल्या त्या एक. पुढे राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त खासदार होत्या, आणि १९९१ साली त्यांनाही पद्मभूषण मिळालं. आईला आणि मुलीला, दोघींनाही.

त्यांनी चित्रपटातही काम केलंय. प्रभातचा १९३७ सालचा ‘कुंकू’ आठवा. म्हाताऱ्या वराशी फसवून लग्न लावलेल्या नीरेची ती गोष्ट. त्यात त्या म्हाताऱ्याची शिकलेली, समाजकार्य करणारी मुलगी आहे ना, ती शकुंतलाबाई. वडिलांना तोंडावर खरं सुनावणारी. ज्या प्रभात स्टुडिओच्या आवारात तो चित्रपट झाला, तिथेच आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

मुलीला लिहितं केलं तेही आईनेच. सईंचं पहिलं पुस्तक, ‘मुलांचा मेवा’ हा परीकथांचा संग्रह, त्यांच्या आठव्या वर्षी छापून आला. आठवं वर्ष म्हणजे आपल्याकडे तिसरीतलं मूल. मी तीस वर्षं मुलं शिकवली. तिसरीतली कितीतरी पोरं इतक्या सुंदर गोष्टी सांगतात की बोलायची सोय नाही. त्या कुणी लिहून घेत नाही, एवढाच फरक. मीही फार कमी वेळा लिहून घेतल्या, हे आता सलतं.

दिग्दर्शन शिकल्या कुठे?

नाटक शिकल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, १९६३ साली तिथून बाहेर पडल्या. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी तिथे संचालक म्हणून आले त्याच सुमाराचा हा काळ. त्याआधी पुणे आकाशवाणीवर निवेदिका होत्या, मुलांचे कार्यक्रम करत होत्या.

माझं मत विचाराल तर त्यांची खरी शाळा रेडिओच. रेडिओत चेहरा नसतो, सेट नसतो. माणूस उभा करायचा तो त्याच्या बोलण्यातून. त्यांचा कोणताही चित्रपट डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. प्रत्येकाची भाषा निराळी येते: पानवाल्याची वेगळी, कारकुनाची वेगळी, चाळीतल्या आजीची वेगळी. आमच्या वर्गात हा प्रयोग आम्ही करतो. पडद्यावर चादर टाकतो आणि नुसता आवाज ठेवतो. कोण बोलतंय ते मुलं अचूक ओळखतात.

टीव्हीवर त्यांनी काय केलं?

पुष्कळ. भारतात दूरदर्शन दिल्लीत १९५९ साली सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या निर्मात्या-दिग्दर्शकांत त्या आहेत. त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या १९७२च्या टेलिफिल्मला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. एक लहानसं चहाचं दुकान आणि तिथे येणारी-जाणारी माणसं. आपल्या एसटी स्टँडवर असं दुकान नाही असं एकही गाव नसेल.

पुढे १९८४ मध्ये ‘अडोस पडोस’ आणि १९८५ मध्ये ‘छोटे बडे’ या मालिका आल्या. आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही होता. दार उघडं ठेवून तो ओट्याकडे फिरवायचे आणि आम्ही पोरं रस्त्यावर गोणपाट टाकून बसायचो. दिग्दर्शकाचं नाव वाचायची अक्कल तेव्हा नव्हती. पण मालिकेतली माणसं दागिने घालून झोपत नाहीत, एकमेकांवर ओरडत नाहीत, साखर मागायला शेजारी जातात, हे लक्षात राहिलं होतं. आता घरोघरी जे चालतं ते पाहून ती आठवण जास्तच येते.

बालचित्रपट समितीच्या त्या दोनदा अध्यक्ष होत्या. ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे त्या काळातले मुलांचे चित्रपट. म्हणजे ‘स्पर्श’ आला तेव्हा त्या नवख्या नव्हत्याच. वय बेचाळीस होतं आणि पाठीशी रेडिओ, नाटक, टीव्ही, बालचित्रपट असं सगळं होतं. ‘चाळिशीत काय सुरू करणार’ असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे दरवेळी ऐकवते.

‘स्पर्श’ आंधळ्यांवर आहे म्हणे. रडायला लावतो का?

आधी एक दुरुस्ती. ‘स्पर्श’ आंधळ्यांवर नाही, स्वाभिमानावर आहे.

अनिरुद्ध हा दृष्टिहीन मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक. स्वतःही दृष्टिहीन. नसीरुद्दीन शाह. कविता विधवा आहे, नवऱ्याच्या दुःखात घरात मिटून बसलेली. शबाना आझमी. ती शाळेत मुलांना गाणी-गोष्टी शिकवायला येऊ लागते, दोघं जवळ येतात, आणि मग प्रश्न उभा राहतो: हे प्रेम आहे की उपकार? अनिरुद्धला मदत नको असते. मदतीच्या वेशात आलेली दया तर त्याला लांबूनच कळते. ओम पुरी त्याच्या दृष्टिहीन मित्राच्या भूमिकेत आहे. त्याची बायको वारलेली असते. तो आपल्या संसाराबद्दल जे बोलतो त्याने अनिरुद्ध आतून हादरतो.

एक जागा सांगते. अनिरुद्ध कविताला म्हणतो की तू फार सुंदर आहेस. ती चकित होते, याला कसं कळलं? आणि तो सांगतो ते रंगरूपाबद्दल नसतंच. तिचा आवाज, तिचा गंध, तिचा स्पर्श. चेहऱ्याचं सौंदर्य त्याच्या जगात नाहीच, त्याची उणीवही नाही. तो बिचारा नाही, त्याचं जग वेगळं आहे, हे दोन मिनिटांत कळून जातं.

दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत याचं बरंचसं चित्रीकरण झालं, तिथल्याच मुलांना घेऊन. अनिरुद्धचं पात्र तिथल्या दृष्टिहीन मुख्याध्यापकांवरून सुचलेलं. १९७९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा पुरस्कार मिळाला. पण चित्रपट सगळीकडे लागायला फार वेळ गेला. फिल्मफेअरचे पुरस्कार मिळाले ते थेट १९८५ साली: चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद.

आता आमच्याकडची गोष्ट. पारोळा रस्त्यावरच्या एका गावात आम्ही ‘स्पर्श’ लावला होता. शेवटच्या रांगेत एक तरुण बसला होता, जन्मापासून दृष्टी नसलेला. बहिणीने आणला होता. ती मध्येमध्ये त्याच्या कानात सांगत होती, तो तिला हाताने गप्प करत होता. चित्रपट संपल्यावर मी चुकलेच. “तुला समजला का रे?” असं विचारून बसले. तो म्हणाला, “बाई, रोज सकाळी कुणीतरी माझा हात धरतं आन रस्ता पार करून देतं. मला कुठं जायचंय ते कुणी इचारत नाही. एकदा तर मी नुसता उन्हात उभा होतो.”

मी पुढे काही बोलू शकले नाही. ‘स्पर्श’वर मी जे काही लेख वाचलेत, त्यात इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. तेव्हापासून कुठेही चित्रपट लावला की आम्ही आधी विचारतो, कुणाला काही हवंय का, आणि उत्तराची वाट पाहतो.

‘चश्मे बद्दूर’ मधली ती साबणवाली पोरगी खरंच अशी असते का?

दीप्ती नवल. चमको पावडर घेऊन दारोदार जाणारी नेहा. असते की! ऐंशीच्या दशकात आमच्या दारावरही अशा मुली यायच्या. बादलीभर पाणी मागायच्या आणि फेस काढून दाखवायच्या. अमळनेरच्या माणसाला तर याचं जास्तच वाटायला हवं. १९४५ साली आपल्याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, कपडे धुण्याचा साबणही तिथे होत असे, आणि त्यातूनच पुढे विप्रो झाली.

गोष्ट साधी आहे. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन विद्यार्थी. दोघं त्या मुलीच्या मागे लागतात, हात हलवत परत येतात आणि खोलीवर येऊन काल्पनिक प्रेमकथा रंगवून सांगतात. तिसरा, फारूक शेख, अभ्यासू. तो खरोखर तिच्या प्रेमात पडतो. पहिल्या दोघांचं पितळ उघडं पडायची वेळ येते आणि मग त्यांची लावालावी सुरू होते. सईद जाफरींचा लल्लन मियाँ पानवाला आहे, उधारीची वही घेऊन बसलेला. हे मुळात त्यांनी टीव्हीसाठी ‘धुआँ धुआँ’ नावाने लिहिलं होतं.

मला आवडतं ते असं की नेहाला काम आहे. ती फक्त कुणाची तरी प्रेयसी नाही. दुपारच्या उन्हात पिशवी घेऊन फिरते, नकार पचवते, पुढच्या दाराची घंटी वाजवते. १९८१च्या हिंदी चित्रपटात नायिकेला दमलेलं कितीदा दाखवलंय, आठवून बघा.

२०१३ मध्ये याच नावाचा नवा चित्रपट आला. तो सईंचा नाही. जुनाही तेव्हाच, स्वच्छ केलेल्या प्रतीतून, पुन्हा चित्रपटगृहांत लागला होता. शोधताना साल बघून घ्या, नाहीतर आमच्या भाच्यासारखं भलतंच लावून बसाल.

‘कथा’ मधला शेवट चुकीचा नाही का? ससा जिंकतो की!

हा प्रश्न दरवेळी येतो आणि नेहमी पुरुषांकडून येतो.

‘कथा’ श्री. ग. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून केलेला. मुंबईची चाळ. कासव म्हणजे राजाराम, सरळमार्गी कारकून, नसीरुद्दीन शाह. ससा म्हणजे बाशू, थापा मारून सगळ्यांना खिशात घालणारा, फारूक शेख. ज्या फारूक शेखला ‘चश्मे बद्दूर’मध्ये आपण जीव लावला, त्यालाच इथे लबाड केलंय. निवड केवढी हुशारीची, बघा. संध्या दीप्ती नवल.

बाशू बढत्या मिळवतो, पोरींना फिरवतो, आणि चाळ त्याच्यावर खूष. राजाराम सगळ्यांची कामं करतो, पण त्याला कुणी विचारत नाही. शाळेत शिकवलेली गोष्ट खऱ्या आयुष्यात तशी घडत नाही, एवढंच सई सांगतात. पण राजारामलाही त्या देवघरात नेऊन बसवत नाहीत. वेळेवर न बोलण्याचं मोल त्याला मोजावं लागतं, तेही दाखवतात. गिरणीच्या चाळीत वाढलेली एक बाई हा चित्रपट पाहून म्हणाली, “आमच्या चाळीत बाशू दोन होते, राजाराम वीस. आन लग्नं ठरायची ती बाशूंची.”

‘कथा’लाही १९८२ सालचा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तुम्ही ‘दिशा’ सगळ्यात जास्त वेळा का दाखवता?

कारण तो आमचा आहे.

बकुरी नावाचं कोरडं गाव. शेतीला पाणी नाही, म्हणून माणसं मुंबईच्या गिरण्यांत जातात. वसंत, म्हणजे नाना पाटेकर, नव्या लग्नाची बायको मागे ठेवून निघतो. तिकडे सोमा, रघुवीर यादव, आधीच गेलेला आहे. एका गाळ्यात डझनावारी माणसं पाळीपाळीने झोपतात. एक कामावर गेला की त्याच्या वळकटीची जागा दुसऱ्याची. आणि गावात सोमाचा भाऊ परशुराम, ओम पुरी, वर्षानुवर्षं विहीर खणतोय. गाव त्याला वेडा म्हणतं. त्याची बायको हंसा, शबाना आझमी, बिडीच्या कारखान्यात कामाला जाऊन घर चालवते.

मुंबईच्या जागी सुरत ठेवा, झाला खानदेश. सुरतेतल्या उधना, लिंबायत या वस्त्यांची नावं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. भुसावळ-सुरत गाडी, पत्र्याची पेटी, भाकरी बांधलेलं फडकं, आणि एका खोलीत आठ-दहा जण, मागावर दिवसपाळीचे आणि रातपाळीचे. गंमत म्हणजे जी तापी आमच्या शिवाराला हुलकावणी देऊन जाते, तीच पुढे सुरतेला जाते. पाणीही तिकडेच आणि माणसंही तिकडेच.

चोपड्याकडच्या एका वस्तीवर हा चित्रपट लावला होता. गाळ्यातला प्रसंग आला. माणसं भिंतीला चिकटून झोपलेली. पुढे बसलेली एक आजी एकदम म्हणाली, “काय वं माय, हाई ते आपलंच शे! मन्हा भाऊ बी सुरतले असाच ऱ्हास.” पडद्यावर हिंदी चालू होतं आणि तिला ते अहिराणीत ऐकू येत होतं. त्यानंतर बायका चित्रपटाशी बोलायलाच लागल्या. हंसा कामाला निघाली तेव्हा एकीने पदर खोचला, जणू हीच निघाली.

विहिरीचं तर विचारूच नका. विहीर खणणं म्हणजे काय ते आमच्याकडे घराघरात माहीत आहे: माती-दगड वर ओढायला यारी लावायची, सुरुंग भरायचा, मुरूम लागला की आशा, काळा पाषाण लागला की कर्ज. वर्षाचा कापूस त्यात जातो. केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, पाणी दरसाल खोल खोल चाललंय, त्यामुळे आता विहिरीच्या पोटात आडवे बोअर मारतात. परशुराम खाली उतरून पहार घालतो तेव्हा आमच्याकडचे पुरुष बोलत नाहीत. तोपर्यंत बाहेर तंबाखू चोळत उभे असलेलेही आत येऊन बसतात.

सईंनी गावाला गोड केलेलं नाही आणि शहराला राक्षसही केलेलं नाही. वसंतला शहरात पगाराची चव लागते, हंसाला स्वतःच्या कमाईची. दोन्ही त्यांनी समजून घेतलंय. मराठी मुलखाच्या स्थलांतरावर यापेक्षा खरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

‘साज’ लता-आशांवर आहे का?

दोन गायिका बहिणींची गोष्ट आहे, म्हणून तशी चर्चा झाली. अरुणा इराणी आणि शबाना आझमी बहिणी आहेत, झाकीर हुसेन यांनी संगीतही दिलं आणि कामही केलं. यातल्या गीतांसाठी जावेद अख्तर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोण कुणावर आहे हे शोधत बसलात तर चित्रपट हातचा जाईल.

मराठीत त्यांनी काय केलं?

नाटकं. ‘जास्वंदी’ आणि ‘सख्खे शेजारी’ ही दोन नावं तरी माहीत असावीत. लिहिलेलीही त्यांनीच. आणि आत्मकथन ‘सय’, २०१६ साली राजहंस प्रकाशनाने काढलेलं. तालुक्याच्या वाचनालयात बहुधा मिळेल, नसेल तर मागणी नोंदवा. ‘सय’ म्हणजे आठवण. नावातलं ‘सई’ही त्यात ऐकू येतंच. भाषा इतकी बोलकी आहे की मी दोन बैठकींत संपवलं आणि मग परत पहिल्यापासून घेतलं.

त्यांच्या घरच्यांबद्दल सांगा.

अरुण जोगळेकर हे रंगभूमीवरचे कलावंत त्यांचे पती. १९९२ मध्ये ते गेले. मुलगी विनी, मुलगा गौतम. एवढं पुरे, बाकी त्यांच्या पुस्तकात त्यांच्या शब्दांत वाचावं.

अलीकडे काही पुरस्कार मिळाला का?

२०२५च्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. अजिंठ्याची लेणी जळगावाहून तासा-दीड तासावर आहेत. तिथल्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं नाव असलेला पुरस्कार सईंना मिळाला, म्हणून त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पुरणाचे मांडे केले. खापरावरचे, पातळ, रुमालासारखे.

त्यांना स्त्रीवादी दिग्दर्शिका म्हणायचं का?

मला वाटतं, आधी चांगली दिग्दर्शिका म्हणावं. त्यांच्या बायकांना काम असतं, मत असतं, त्या चुकतातही. कविता, नेहा, हंसा, कुणीही पुतळा नाही. आणि पुरुषांनाही त्या तितक्याच आपुलकीने उभं करतात. त्यांच्या बाशूचासुद्धा राग येत नाही, उलट आपणच कसे फसलो याचा येतो.

माझी मुलगी बारावीला आहे. तिला दिग्दर्शक व्हायचंय. खानदेशातून जमेल का?

जमेल. हा प्रश्न विचारणाऱ्या आईचा फोन आला की मला खरंच आनंद होतो.

आधी पदवी होऊ द्या, कुठल्याही शाखेची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा (१९६० पासूनची) दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, प्रवेश परीक्षा असते. कोलकात्याची सत्यजित राय संस्था आहे. नाटकाकडे ओढ असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. पुणं काही परकं नाही, जळगावाहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पुणं. आणि शिरपूरचं घराणं असलेल्या स्मिता पाटीलने सुरुवात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचून केली होती, हेही तिला सांगा.

पण त्याआधीची चार वर्षं वाया घालवू नका. तिला लिहू द्या. आठवडी बाजारात मिरचीवाली आणि गिऱ्हाईक यांच्यात काय बोलणं होतं, ते जसंच्या तसं, अहिराणी असेल तर अहिराणीत. मोबाइल आहेच, तीन मिनिटांची गोष्ट करू द्या. अहिराणीतली गाणी आणि विनोदी व्हिडिओ आज लाखो लोक बघतात. म्हणजे बघणारे आहेत. आपली माणसं नीट बघून सांगणारी मुलगी हवी आहे. आणि ‘लोक काय म्हणतील’ ते तुम्ही सांभाळा, तिच्यावर टाकू नका. शकुंतलाबाईंनी तेच केलं.

आमच्या गावात दाखवायचा तर काय लागतं?

प्रोजेक्टर, पांढरी स्वच्छ चादर (सुरकुती असली की नटांचे चेहरे वाकडे होतात, इस्त्री करा) आणि बरा स्पीकर. स्पीकरवर पैसे वाचवू नका, सईंच्या चित्रपटात संवाद गेले की सगळं गेलं. सार्वजनिक ठिकाणी दाखवताना हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, बायका येऊ शकत नाहीत. मे महिन्यात बंद खोलीत तर मुळीच नको. आमची पहिलीच खेप तशी गेली, पंचेचाळीस अंशांत लोक चित्रपटापेक्षा पंख्याकडे बघत होते.

सुरुवात ‘चश्मे बद्दूर’ने करा, मग ‘कथा’, मग ‘स्पर्श’. ‘दिशा’ ओळख झाल्यावर.

‘दिशा’ चा शेवट काय होतो? आमच्याकडे वीज गेली होती.

हो, त्या गावच्या लोकांचा हा प्रश्न वहीत अकरा वेळा लिहिलेला आहे. परशुराम विहिरीत उतरलेला होता आणि सगळा अंधार झाला. तासभर थांबलो, वीज आली नाही, आणि लोक तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी सायकलवर सात किलोमीटर आला, फक्त एवढंच विचारायला: “बाई, पाणी लागलं का?”

लागलं. विहिरीला पाणी लागतं.

वसंतचं आणि हंसाचं पुढे काय होतं ते मात्र सांगणार नाही. तुमच्या गावात आम्ही पुन्हा येतोय, यावेळी बॅटरी घेऊन.